निळं रॉकेल आणि एक शिक्का

माझ्या पुतणीनं मला तिच्या सभेत बोलायला बोलावलं ही तिची चूक, आणि मी लगेच हो म्हणालो ही माझी. तिची चूक समजण्यासारखी आहे. अश्विनी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते, आणि माणूस निवृत्त झाला की खरं बोलायला लागतो अशी तिची भाबडी समजूत आहे. माझ्या चुकीला मात्र कारण नाही. इतकी वर्षं कुणी माइकसमोर उभं केलं नव्हतं, त्यामुळे हुरळलो.

सभेचा विषय होता, कोळसा आणि तेल कंपन्यांना सरकारकडून मिळणाऱ्या सवलती बंद कराव्यात की नाही. अश्विनी आणि तिची दहा-बारा माणसं 'कराव्यात' या बाजूची. सोलापुरात ऊन काय कमी आहे का, मग सरकारनं पैसा जमिनीखालच्या तेलावर आणि कोळशावर का ओतावा, असं तिचं म्हणणं. ती म्हणाली, "काका, तुमची अख्खी नोकरी पुरवठा खात्यात गेली. सबसिडी कुठून कुठं जाते हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. पंधरा मिनिटं बोला. आणि तो गॅसवाल्या बाईचा किस्सा सांगाच."

त्या दिवसापासून माझं बूड एका जागी टिकेना. भाषण लिहायला बसायचं, चार ओळी झाल्या की उठायचं, गॅलरीत जायचं, परत यायचं आणि कागद फाडायचा. बायको म्हणाली, "अहो, निवडणुकीला उभे राहिलाय का?" तिला काय सांगणार? मला नेमकं काय म्हणायचं आहे तेच मला ठरवता येत नव्हतं.

मी पुरवठा निरीक्षक होतो. लोकांच्या भाषेत रेशनचा साहेब. धान्य, साखर आणि रॉकेल हे आमचे तीन देव. त्यातलं रॉकेल माझ्या वाट्याला जास्त आलं, कारण माझं नाक बरं होतं. हे मी गमतीनं म्हणत नाही. डिझेलमध्ये रॉकेल मिसळलेलं असलं तर घनता मोजायची काचेची नळी बाहेर काढायच्या आधीच मला कळायचं. साहेब लोक मला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवायचे ते त्या नाकामुळेच.

ज्यांनी रेशनचं रॉकेल कधी घेतलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रॉकेल दोन प्रकारचं. बाजारभावाचं ते पांढरं, पाण्यासारखं. रेशनचं ते निळं. तेल तेच, टाकी तीच. डेपोतून निघताना त्यात निळा रंग टाकायचे, म्हणजे हे सरकारी सवलतीचं आहे हे आंधळ्यालाही दिसावं. स्वस्त विकल्यामुळे तेल कंपनीचं जे नुकसान व्हायचं ते सरकार भरून द्यायचं. म्हणजे सवलत गरिबाच्या नावाची आणि रक्कम जायची कंपनीकडे. हे वाक्य मी नोकरीत कधी उच्चारलं नाही, आणि उच्चारलं असतं तर वरच्यांनी मला गहू मोजायला पाठवलं असतं. माझं काम त्या निळ्या रंगाच्या मागं धावायचं होतं. तो कुणाच्या स्टोव्हमध्ये जातो, कुणाच्या ट्रकमध्ये जातो, आणि मधे कोण कोळशाच्या भुकटीतून गाळून त्याला पांढरा करतो, हे शोधायचं.

एकदा उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या एका गावात गेलो होतो. रेशनचं रॉकेल उसाला पाणी द्यायच्या इंजिनात जातंय अशी तक्रार होती. काठावर एक म्हातारा शेतकरी इंजिन चालवत होता, भानुदास नावाचा. धूर पांढरट, आणि वास तर बांधावरूनच आलेला. मी टाकीचं झाकण काढलं. आत निळं.

"हे काय?" मी विचारलं.

"डिझेल हाय की."

"निळं?"

"नवीन हाय साहेब. जुनं झालं की पिवळं पडतंय."

मला हसू आवरेना. पण पंचनामा केला. म्हाताऱ्यानं भांडण केलं नाही, उलट केळीचा फणा कापून जीपमध्ये ठेवला. मी तो परत दिला. मग सही करताना तो म्हणाला, "माझ्या इंजनाला तुमी नाक लावून बघितलं, बरं केलं. पर हे तेल ज्यांनी काढलं, त्या कंपनीच्या टाकीला कोण नाक लावतंय?"

मी म्हणालो, "इथं सही करा."

हे उत्तर नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. जीपमध्ये बसल्यावर मात्र विसरलो. नोकरीत विसरण्याची सवय लावून घ्यावी लागते.

आता तो अश्विनीचा लाडका किस्सा. हा मी प्रशिक्षणात, निरोप समारंभात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे सांगितलेला आहे. एके वर्षी वरून आदेश आला की, निळं रॉकेल उचलणाऱ्या कार्डधारकांच्या घरी जाऊन कुणाकडे गॅस आहे ते पाहा. गॅस दिसला की कार्डावर शिक्का मारायचा. शिक्का बसला की रॉकेल बंद. मला शहराचा पूर्व भाग मिळाला. हा सगळा विणकरांचा भाग, घराघरांतून मागांचा खडखडाट आणि बोलणं तेलुगूत. एका गल्लीत राजय्या नावाच्या माणसाच्या नावाचं कार्ड होतं. राजय्या कामावर, घरात त्याची बायको नरसम्मा. आत गेलो तर पाहुणे बसलेले, जमिनीवर चादर अंथरलेली, पोह्यांच्या बशा फिरतायत आणि कोपऱ्यात चकचकीत गॅसच्या शेगडीवर चहा उकळतोय.

मी म्हणालो, "ताई, निळं रॉकेल उचलता आणि गॅस पण वापरता?"

ती पाहुण्यांकडं बघायला लागली.

"गॅस तुमचाच ना?"

"व्हय साहेब."

"गॅसचं पुस्तक?"

"आत हाय. मागनं दावते."

पाहुण्यांसमोर बाईला अवघडायला नको म्हणून मी पुस्तकाचा आग्रह सोडला. शेगडीची नळी पाहिली, सिलिंडर हलवून पाहिला, आणि तिथंच उभ्याउभ्या कार्डावर शिक्का हाणला. बाईनं ब्र काढला नाही. पुढं तक्रारही आली नाही. प्रशिक्षणात मी इथं थांबायचो आणि म्हणायचो, "चोर रंगेहाथ सापडला की असाच गप्प होतो!" हमखास हशा. माझ्या अहवालात त्या सगळ्या भागापुढं मी लिहिलं होतं: सवलत बंद, तक्रार निरंक. वरून शाबासकीही मिळाली होती.

सभेला आठवडा राहिला तेव्हा अश्विनीचा फोन आला. "काका, त्या बाई अजून तिथंच राहतात का? त्यांना सभेत आणता येईल का? सवलत गेली आणि कुणाचं काही बिघडलं नाही, असं त्यांनी स्वतः सांगितलं तर लोकांची भीती जाईल."

मला ही कल्पना आवडली. खरं तर मला तेच हवं होतं. माझं भाषण अडलं होतं ते तिथंच. 'सवलती बंद करा' असं म्हणण्याआधी, आम्ही एकदा बंद केली होती तेव्हा नुकसान झालं नाही, हे मला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा केली. गल्ली सापडायला वेळ लागला. माग बरेच बंद झालेत, घरांवर मजले चढलेत. नरसम्मा दारातच बसली होती, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तेंदूची पानं. विड्या वळत होती. साठीच्या पुढं गेलेली, पण बोटं अजून मशीनसारखी चालत होती. मी नाव सांगायच्या आधीच ती म्हणाली, "शिक्कावाले साहेब न्हवं?"

मी खूश झालो. इतक्या वर्षांनी ओळखलं म्हणजे काय! तिनं आत बसवलं, चहा ठेवला. मी सभेचं सांगितलं. कंपन्यांच्या सवलती, आमचा मुद्दा, तिनं येऊन दोन शब्द बोलावेत वगैरे. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तवाचा गॅस आमचा नव्हता साहेब."

"म्हणजे?"

"शेजारच्या इरण्णाचा होता. एक दिसापुरता मागून आणलेला. आमच्या पद्माला बघायला आले होते न्हवं का. ते पाहुणे त्येच्यासाठीच बसलेले."

ती सांगत राहिली, अगदी शांतपणे, पानं कापता कापता. मुलाकडच्यांच्या घरी गॅस होता. इथं स्टोव्हवर चहा केला तर पोरीचं घर हलकं दिसेल, म्हणून इरण्णाच्या बायकोनंच आपणहून शेगडी आणि सिलिंडर उचलून आणून दिला होता. पूर्व भागात लग्न जुळवताना अशी उसनवारी सगळेच करायचे. कुणाची खुर्ची, कुणाचा पंखा, कुणाच्या कपबशा. आणि नेमक्या त्याच तासाला मी हातात शिक्का घेऊन दारात उभा.

"गॅस तुमचाच ना, असं तुमी पाहुण्यांम्होरं इचारलं. न्हाय कसं म्हणू?"

"मग नंतर कचेरीत यायचं होतं. तक्रार करायची होती."

"केली असती. तुमी चौकशीला आला असता. शेजारपाजारी इचारलं असतं. गल्लीभर झालं असतं की इरण्णाचा गॅस दावून पोरगी खपवली. सोयरीक ठरलेली होती साहेब."

"निदान मला बाजूला घेऊन कानात तरी सांगायचं."

"तुमी कान कुठं दिला वो," ती म्हणाली. रागानं नाही. पान कापायची कात्री शोधत म्हणाली.

रॉकेल बंद झाल्यावर तिनं चूल मांडली. लाकूड परवडेना, म्हणून टॉवेलच्या कारखान्यातली चिंधी आणायची. रंगवलेली चिंधी, ती जाळली की डोळे झोंबायचे, भांडी चिकट व्हायची. घरात तिची सासू होती, तिला आधीच धाप. चूल पेटली की म्हातारीला उचलून दारात बसवायचं, पावसाळ्यात तेही जमायचं नाही. पद्माचं लग्न झालं, धाकटा मुलगा कामाला लागला, मग त्यांचा स्वतःचा गॅस आला. तोपर्यंत हेच.

"आणि सासूबाई?"

"गॅस यायच्या आदीच गेल्या."

त्या म्हातारीची धाप माझ्या शिक्क्यानं वाढली की वाढायचीच होती, हे कोण सांगणार? डॉक्टर नाही सांगणार, मी तर नाहीच नाही. पण तिनं हे सांगितल्यापासून आजपर्यंत एक दिवस असा गेला नाही की मी हा हिशोब मनात मांडला नाही आणि तो अर्धवट सोडून दुसऱ्या खोलीत गेलो नाही. मला लाज वाटली हे तर आहेच. त्याहून जास्त राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. मी म्हणालो, "नरसम्मा, माझी चूक झाली. आता काय करू? कार्ड दुरुस्त करून..." आणि माझं मलाच कळलं की मी काय बरळतोय. रेशनचं रॉकेलच आता राहिलेलं नाही. ज्याची दुरुस्ती करायची ती गोष्टच उरली नव्हती.

तिनं चहाचा कप पुढं सरकवला. "सभेत माझं सांगू नका. पद्माच्या सासूला अजून ठाव न्हाय."

मी शब्द दिला.

परत येताना रिक्षा सोडून चालतच निघालो. सिद्धेश्वर तलावाला एक फेरी मारली, मग आणखी एक. आजवर किती घरांत असा उभा राहिलो होतो? शिक्क्याची शाई वाळायच्या आत पुढचं दार. सगळीच चुकलेली नसणार. पण कुठली चुकली हे कळायला माझ्याकडे 'तक्रार निरंक' एवढे दोनच शब्द होते, आणि ते शब्द म्हणजे लोक बोलले नाहीत एवढंच. का बोलले नाहीत हे मी कधी विचारलं नव्हतं.

सभेच्या दिवशी हॉल बऱ्यापैकी भरला होता. अश्विनीनं ओळख करून दिली आणि हसत म्हणाली, "काकांचा गॅसवाल्या बाईचा किस्सा ऐकल्याशिवाय त्यांना खाली बसू द्यायचं नाही." दोन-चार लोक आधीच हसले. त्यांनी तो लग्नाच्या पंगतीत ऐकलेला होता.

मी माइकसमोर उभा राहिलो. खिशातला कागद काढला नाही. म्हणालो, "तो किस्सा मी यापुढं सांगणार नाही. तो शिक्का चुकीचा होता. कसा, ते सांगायची मला परवानगी नाही. पण मी तो पंचवीस वेळा विनोद म्हणून सांगितलाय, आणि तुमच्यापैकी जे हसले होते त्यांची मी माफी मागतो, कारण त्यांना मीच हसवलं."

अश्विनीचा चेहरा उतरला. मागच्या रांगेतून यंत्रमागाचा कारखाना असलेले एक गृहस्थ उठले. "म्हणजे तुम्ही सवलती चालू ठेवा म्हणताय का? कंपन्यांची सवलत काढली की त्या भाव वाढवणार, मग परत फटका आमच्यासारख्यालाच. मग बोलावलं कशाला तुम्हाला?"

"बंद करा," मी म्हणालो. "कंपन्यांच्या बंदच करा. मी निळ्या रॉकेलमागं नाकानं हुंगत फिरलो, पण इतक्या वर्षांत मला एकदाही कुठल्या कंपनीच्या दारात पाठवलं नाही. त्यांना पत्रं जातात, मुदत मिळते, बैठका होतात, त्यांचे वकील येतात. घरोघरीची सवलत मी उभ्याउभ्या एका मिनिटात बंद करत होतो. हे उलटं करा. कंपनीच्या दारात आधी जा आणि तिथं हवी तेवढी झाकणं उघडा. आणि त्यातून वाचलेलं ज्याच्या घरी चूल पेटते त्याला द्यायचं ठरलं, तर माझ्यासारखा माणूस पाठवू नका. किंवा पाठवलाच, तर त्याला सांगा की घरात पाहुणे असतील तर परत जा आणि दुसऱ्या दिवशी ये."

टाळ्या पडल्या की नाही आठवत नाही. त्या गृहस्थांचं समाधान झालं नाही हे नक्की, कारण भाव वाढले तर काय, या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. अश्विनी आणि तिचे मित्र त्यावर आकडे मांडत बसले होते. मी चपला घालून बाहेर पडलो.

यानंतर काही दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. "काका, मी पद्मा. नरसम्माची मुलगी." आईनं तिला माझ्या येण्याचं सांगितलं होतं. पद्मानं धीर करून सगळी हकिकत सासूच्या कानावर घातली होती. इतक्या वर्षांनी काय राग धरायचा, असं तिला वाटलं. सासू ऐकून हसली म्हणे. म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं. शेगडीवर इरण्णाचं नाव होतं की."

आपल्याकडं भांड्यांवर नाव घालतात. शेगडी दुरुस्तीला दिली की बदलू नये म्हणून इरण्णानं शेगडीच्या समोरच्या पट्टीवर ठिपक्याठिपक्यांनी स्वतःचं नाव कोरून घेतलं होतं. पाहुण्या बाईनं चहा घेता घेता ते वाचलं. पोरीच्या आईनं एवढा खटाटोप केला म्हणजे पोरीवर जीव आहे, असं म्हणून तिनं घरी जाऊन होकार कळवला.

"आता कुठंही लिहा, सांगा, आमची काही हरकत न्हाय," पद्मा म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "पण सासूबाईंच्या मनात एक राहिलंय. तुमच्या हातात आमचं कार्ड होतं, त्यावर बाबांचं नाव. आणि तुमी शेगडीपाशी वाकून बघत होता. त्या म्हणतात, त्या साहेबानंही नाव वाचलंच असणार, तरी मारला शिक्का. खरं सांगा काका, तुमाला दिसलं होतं का?"

मी नाही म्हणणार होतो. ते तोंडावर आलंही होतं. पण तिनं विचारलं आणि ती पट्टी माझ्या डोळ्यांसमोर आली, चकचकीत, तिच्यावर ठिपक्यांची ओळ.

"अक्षरं दिसली होती," मी म्हणालो. "वाचली नाहीत. माझ्या तक्त्यात गॅस आहे की नाही एवढंच लिहायचं होतं."

मागं कुकरची शिट्टी झाली.

"बरं," ती म्हणाली. "सांगते त्यांना तसं."